टीमची कप्तानी गळ्यात पडलीय? मग एवढं वाचून घे

कॅप्टन म्हणून तुझं नाव ठरलं असंल तर पहिलं अभिनंदन. आता इथनं पुढं बाकीच्यांनी क्रिकेट खेळायचं आणि तू हिशोब करायचा, हे डोक्यात पक्कं बसव. मी कोल्हापुरात आमच्या पेठेच्या टीमची कप्तानी बरीच वर्षं केली, टेनिस बॉलची पण आणि लेदर बॉलची पण. आता गुडघे कुरकुरायला लागलेत म्हणून कडेला बसून बघतो, आणि बघताना सारखं दिसतंय की नवीन कॅप्टनला कप्तानी म्हणजे फिल्डिंग लावणं आणि वरडणं एवढंच वाटतंय. ते तर कुणीपण करतंय लगा. खरी गोष्ट अशी की तुझ्याकडं सगळं मोजकंच असतंय, चांगल्या बॉलरच्या दोन ओव्हर, दोन-तीन बरे फिल्डर, पोरं कान देऊन ऐकतील असे चार शब्द आणि एखादाच राग. हे कुठं आणि कधी खर्चायचं ते ठरवणं म्हणजे कप्तानी. आधीच उडवलंस तर शेवटी हात रिकामे, आणि जपत बसलास तर मॅच संपल्यावर ते घेऊन करणार काय?

कॅप्टन सगळ्यात भारी प्लेअर पाहिजे, असं काय नाय

आपल्याकडं रीत अशी की जो जास्त सिक्स मारतो त्याच्या गळ्यात माळ. इंग्लंडवाल्यांनी पण हेच केलं होतं. इयान बोथम त्यावेळचा त्यांचा सगळ्यात भारी ऑलराउंडर, त्याला कॅप्टन केलं, १२ टेस्ट झाल्या आणि जिंकली एकपण नाही, वर त्याची स्वतःची बॅटिंग-बोलिंग पण गेली. १९८१ च्या अ‍ॅशेसला (इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची टेस्ट सिरीज) दुसऱ्या टेस्टनंतर त्यानं कप्तानी सोडली आणि माईक ब्रेअर्लीला परत आणलं. आता ह्या ब्रेअर्लीचं टेस्ट अ‍ॅव्हरेज २३ च्या पण खाली आणि सेंच्युरी एकपण नाही, म्हणजे आपल्या पेठेत असता तर त्याला बारावा गडी म्हणून पाणी द्यायला ठेवला असता. पण ३१ टेस्टची कप्तानी केली त्यात १८ जिंकल्या आणि हरल्या फक्त ४. तो आल्या आल्या पहिल्याच मॅचला, हेडिंग्लेला, फॉलोऑन (पहिल्या डावात लई मागं पडलं की लगेच परत बॅटिंग करायला लागते तो) बसलेला असताना बोथमनं नाबाद १४९ हाणले आणि इंग्लंड १८ रननं जिंकलं. बोथम तोच होता, डोक्यावरचं ओझं तेवढं उतरलं होतं.

म्हणून तू टीमचा बेस्ट बॅट्समन असशील तर निम्मं काम दुसऱ्याला वाटून दे, एंट्री फी, पोरांना फोन, बॉल आणणं, स्कोअर लिहायला माणूस बघणं, ह्यातलं काही तू करायचं नाहीस. आणि तू साधाच प्लेअर असशील तर लाजू नको, सात नंबरला ये, बिनधास्त ये, पण फिल्डिंगला ढिला पडू नको. बॅटिंग न येणारा कॅप्टन पोरं चालवून घेतात, पण बॉल पायातनं सोडून दुसऱ्याला शिव्या घालणारा कुणी घेत नाही.

अकरा नावं कशी काढायची

हे काम सगळ्यात बेकार. कोल्हापूर फुटबॉलचं गाव आहे हे आधी मान्य करून टाक, रुसून उपयोग नाही. तुझी निम्मी टीम फुटबॉल खेळते, उरलेली बघते, म्हणून शाहू स्टेडियमला आपल्या पेठेची मॅच असंल त्या दिवशी प्रॅक्टिस ठेवायचीच नाही, ठेवलीस तर कुणी येणार नाही आणि तुझा शब्द मात्र वाया जाईल. रंगपंचमी, जोतिबाची यात्रा, गणपती, हे पण कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेव. शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली पोरं असतील तर कुणाची कुठली शिफ्ट ते तुला पाठ पाहिजे. रात्रपाळी करून आलेला बॉलर सकाळी नऊच्या मॅचला पहिली ओव्हर चांगली टाकतोय, दुसऱ्या ओव्हरला त्याचे पाय बोलतात. आणि करवीर तालुक्यातल्या गावची पोरं असतील तर शेतातली लाईट दिवसाची आहे का रात्रीची ते पण विचार, कारण रात्रभर उसाला पाणी पाजून आलेल्या पोराला स्लिपला उभा करणं म्हणजे त्याच्यावर पण अन्याय आणि आपल्यावर पण. (ह्या गोष्टी कुठल्या कोचिंगच्या पुस्तकात मिळायच्या नाहीत.)

नावं काढताना आधी बॉलर मोज. सगळे बॅट्समन मोजत बसतात. आठ ओव्हरची मॅच आणि एका बॉलरला दोन ओव्हर असं असंल तर चार बॉलर लागतात हे कुणालापण कळतंय, पण चारच घेऊन गेलास की एकाला मार बसला की तू अडकलास. पाचवा घ्यायचाच, आणि सहावा असा की जो एक ओव्हर कशीबशी का होईना काढून देईल. बॅट्समन सहा बास. आठ ओव्हरमध्ये आठ जणांची बॅटिंग यायला लागली तर तसं पण मॅच गेलेलीच असते.

ज्याला बाहेर बसवायचं त्याला आदल्या रात्री स्वतः जाऊन सांग, कट्ट्यावर नाहीतर त्याच्या दारात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर अकरा नावं टाकून मोकळं व्हायचं नाही, तसं केलंस की तो पोरगा नाव बघत बघत खाली येतो आणि आपलं नाव नाही हे सगळ्यांच्या समोर त्याला कळतंय. सांगताना कारण एकच सांग आणि खरं सांग. "भावा, उद्या ग्राउंड बारकं हाय, स्पिनर एकच खेळवणार, आणि तो तू नाहीस." बास. पुढच्या मॅचला नक्की घेतो म्हणून वचन देऊ नको, जमलं नाही तर ते वचन तुझ्या मानगुटीवर बसतंय. आणि मंडळाच्या कुणा मोठ्या माणसाच्या पुतण्याला घ्यायचा आग्रह झाला तर? घे एखाद्या वेळेस, पण टीममधल्या पोरांना आधी सांगून घे की का घेतोय. पोरांना राजकारण कळतंय, लपवलेलं त्यांना आवडत नाही.

नियम वाच म्हणजे वाच

१९७१ ची वेस्ट इंडिजची टूर. किंग्स्टनची पहिली टेस्ट, पहिला दिवस पावसात वाहून गेला. आपले ७५ ला ५ होते, तिथनं दिलीप सरदेसाईनं २१२ काढले आणि ३८७ झाले, वेस्ट इंडिज २१७ ला ऑलआउट. लीड १७०. पाच दिवसाच्या मॅचला फॉलोऑनसाठी २०० लागतात, त्यामुळं त्यांचा कॅप्टन सोबर्स निवांत. पण पहिला दिवस गेल्यामुळं मॅच चार दिवसाची धरायची आणि मग १५० पुरतात, हे आपला कॅप्टन अजित वाडेकरला माहीत होतं. तो सरळ त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि सोबर्सला सांगितलं, तुम्ही परत बॅटिंग करा. मॅच ड्रॉ झाली, पण त्या काळात वेस्ट इंडिजला फॉलोऑन देणं ही केवढी गोष्ट, त्यांच्या डोक्यात काहूर माजलं असणार, आणि पुढची पोर्ट ऑफ स्पेनची टेस्ट आपण जिंकली, सिरीज पण १-० नं.

आपल्या टुर्नामेंटला नियमाचा कागद असतो, तो कुणी वाचत नाही, तू वाच. पॉवरप्ले किती ओव्हरचा, नो बॉलला फ्री हिट आहे का, झाडाला लागला तर किती, एका बॉलरला किती ओव्हर, उशिरा आला तर ओव्हर कापतात का, आणि टाय झाली तर काय. ह्या शेवटच्याला सगळ्यात जास्त भांडणं होतात. २००७ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपला आपली पाकिस्तानशी मॅच टाय झाली आणि बोल आउटवर गेली, म्हणजे बॅट्समन नाही, नुसत्या स्टंपवर बॉल टाकायचा, ज्यांची दांडी जास्त वेळा उडंल ते जिंकले. आपल्या पोरांनी त्याची आधी प्रॅक्टिस केलेली, धोनी स्टंपच्या बरोबर मागं गुडघ्यावर बसला म्हणजे बॉलरला फक्त त्याच्याकडं बघून टाकायचं, आणि सेहवाग, हरभजन, उथप्पा तिघांनी पण दांडी उडवली. पाकिस्तानचे तिन्ही बॉल हुकले. नियमाचा कागद दोघांकडं एकच होता.

टॉस

ह्यावर जास्त बोलण्यासारखं नाही. हवा बघ, वारा कुठनं येतोय बघ, बाऊंड्री कुठल्या बाजूला जवळ आहे बघ. रात्रीच्या मॅचला थंडीत दव पडतंय. लेदरला दव पडलं की बॉलरच्या हातातनं बॉल निसटतो म्हणून सगळे आधी बोलिंग घेतात, ते बरोबर. पण टेनिस बॉल भिजला की जड होतो आणि सिक्स जाणारा शॉट बाऊंड्रीच्या आत पडतो, मग चेस करणाऱ्याचे पण वांधे होतात. म्हणून टीव्हीवर बघून "आम्ही आधी बोलिंग घेणार" म्हणायचं नाही. मॅचच्या आधी ग्राउंडवर चप्पल काढून चालत एक चक्कर मार, पायाला कळतंय.

ओव्हरचा हिशोब

इथं नीट लक्ष दे, कारण आपल्या ग्राउंडवरच्या मॅच बहुतेक इथंच हरतात.

तालमीत म्हणतात की वस्तादानं एक डाव राखून ठेवावा. कुस्तीत बरोबर असंल, खासबागच्या मातीत त्याचा मान आहे. पण क्रिकेटमध्ये कॅप्टन लोक हे जास्तच मनावर घेतात, हुकमी बॉलरची ओव्हर शेवटच्या ओव्हरसाठी राखतात, आणि शेवटची ओव्हर येते तेव्हा समोरच्याला चार रन पाहिजे असतात. आता तो काय करणार, भोपळा?

२९ जून २०२४, टी-ट्वेंटी वर्ल्डकपची बार्बाडोसची फायनल आठव. पंधराव्या ओव्हरला क्लासेननं अक्षर पटेलला धुतला, २४ रन गेले, साउथ आफ्रिकेला ३० बॉलमध्ये ३० पाहिजेत, हातात सहा विकेट. कोल्हापुरात त्या टायमाला निम्म्या लोकांनी टीव्ही बंद केला असंल. रोहितकडं बुमराहच्या दोन ओव्हर उरल्या होत्या. साध्या हिशोबानं सतरावी-एकोणिसावी नाहीतर अठरावी-विसावी टाकायला पाहिजे, पण त्यानं सोळावीच बुमराहला दिली. चार रन. सतरावीला हार्दिकनं पहिल्याच बॉलला क्लासेन काढला, परत चार रन. अठरावी परत बुमराह, दोन रन आणि यान्सनची दांडी. आता बुमराह संपला, दोन ओव्हर बाकी, २० पाहिजेत. एकोणिसावी अर्शदीपनं चार रनमध्ये काढली आणि शेवटच्या ओव्हरला हार्दिककडं १६ रन होते वाचवायला, त्यात सूर्याचा तो कॅच, ७ रननं जिंकलो. बघ की, शेवटची ओव्हर बुमराहनं टाकलीच नाही. पण शेवटची ओव्हर सोपी केली ती त्यानंच, दोन ओव्हरमध्ये फक्त सहा रन देऊन.

तर नियम असा धर की मॅच जिथं वळायलीय तिथं चांगला बॉलर लाव. आणि मॅच कुठं वळायलीय हे कसं कळतंय? समोरचा सेट बॅट्समन एकाच ओव्हरमध्ये दोन मोठे हाणून पार्टनरकडं जाऊन हसायला लागला की समज. नाहीतर नवीन बॅट्समन आलाय आणि तो त्यांचा हुकमी आहे, तेव्हा. २०२० च्या मेलबर्न टेस्टला अजिंक्य रहाणेनं हेच केलं, पहिलंच सेशन, बॉल अजून नवा, आणि त्यानं अश्विनला बोलिंगला आणला. लोक म्हणाले एवढ्या लवकर स्पिनर? अश्विननं वेडला काढला, आणि मग स्मिथला भोपळ्यावर लेग गलीला. तिथं फिल्डर उभा होता म्हणजे आधी ठरवूनच आलेले. आणि लक्षात ठेव, ह्याच टीमचा आठवड्याभरापूर्वी अ‍ॅडलेडला ३६ ला खुर्दा झालेला, कोहली घरी गेलेला, शमी जखमी. तरी ती मॅच आठ विकेटनं काढली.

कधी कधी बॉलर बदलायचा नसतो, एंड बदलायचा असतो. वर सांगितलेली हेडिंग्ले टेस्ट, ऑस्ट्रेलियाला फक्त १३० पाहिजेत, विलिस एका बाजूनं टाकून दमला, विकेट नाही. ब्रेअर्लीनं त्याला दुसऱ्या बाजूनं आणला, उतारावरनं पळत यायला, आणि त्यानं ४३ रनमध्ये ८ काढले, ऑस्ट्रेलिया १११ ला खल्लास. आपल्या ग्राउंडवर पण एका बाजूला उतार असतो, एका बाजूनं वारा असतो, एका बाजूला रन-अपमध्ये खड्डा असतो. एखाद्या पोराच्या बॉलला दम नाही असं वाटलं तर त्याला काढायच्या आधी बाजू बदलून बघ. आणि कोण कुठल्या बाजूनं टाकणार हे मॅचच्या आधी कागदावर लिहून खिशात ठेव, नंतर ते खोडावं लागलं तर लागू दे, पण गडबडीत कोरं डोकं नको.

फिल्डिंग लावताना

आधी बॉलरला विचार, काय टाकणार? मग फिल्डिंग लाव. आपल्याकडं उलटं चालतंय, कॅप्टन लाँग ऑनवरनं हातवारे करून फिल्डिंग लावतो आणि बॉलरला वाटेल ते टाकू देतो, मग लेगला सगळे फिल्डर आणि बॉल ऑफच्या बाहेर वाईडच्या रेषेवर. बॉलर म्हणाला यॉर्कर टाकणार, तर लाँग ऑन-लाँग ऑफ सरळ ठेव, चुकला की तिथंच जाणार. स्लो टाकणार म्हणाला तर मिडविकेटला तुझा सगळ्यात हुशार फिल्डर. दोन प्लॅन सांगू नको. "यॉर्कर टाक पण तो पुढं आला तर बाउन्सर आणि बाजूला सरकला तर वाईड यॉर्कर" असलं बोललास की पोरगं फुलटॉस टाकणार हे लिहून घे. एक गोष्ट, एक वाक्य, पाठीवर हात, आणि परत आपल्या जागेवर.

तू स्वतः मिड ऑफ नाहीतर एक्स्ट्रा कव्हरला उभा राहा, बॉलरशी बोलता येतंय आणि बॅट्समनचे पाय दिसतात. कीपर असशील तर उत्तम. बाऊंड्रीवर उभा राहून कप्तानी होत नाही, नुसती वराडावराड होते.

आता लिंबूटिंबू कुठं लपवायचा. प्रत्येक टीममध्ये असा एक असतोय, ज्याच्याकडं बॉल गेला की सगळी टीम डोळे मिटते. त्याला शॉर्ट फाइन लेगला, म्हणजे बॅट्समनच्या मागं लेगच्या बाजूला जवळच, उभा करायची आपली जुनी सवय. पण २००७ ची फायनल आठव, शेवटच्या ओव्हरला पाकिस्तानला १३ पाहिजेत, एकच विकेट, हरभजनची एक ओव्हर बाकी असताना धोनीनं जोगिंदर शर्माला बॉल दिला. मिस्बाहनं सिक्स मारला, चार बॉलमध्ये सहा राहिले, आणि मग तो मागं स्कूप मारायला गेला. कॅच कुठं गेला? शॉर्ट फाइन लेगला, श्रीशांतकडं. टेनिसमध्ये तर आता बारकी बारकी पोरंपण स्कूप मारायलीत. म्हणून लपवायचाच असंल तर ओव्हर बघून लपव, दर ओव्हरला त्याची जागा वेगळी पाहिजे. डावरा बॅट्समन आला की परत हलव. त्याला वाईट वाटंल म्हणून एकाच जागी सोडू नको, त्याला सांगून टाक की तुला पळवणार हाय मी आज.

(त्या जोगिंदरबद्दल अजून एक. धोनीनं हरभजनला का दिली नाही ह्यावर लोक अजून भांडतात. हरभजनच्या आधीच्या ओव्हरमध्ये मिस्बाहनं तीन सिक्स मारले होते, एवढं कारण मला तरी पुरतंय.)

कॅच सुटला की

काहीच बोलू नको. खरंच. ज्याच्या हातनं सुटला त्याला कळलंय. पुढच्या बॉलच्या आधी त्याच्याकडं बघून टाळी वाजव आणि बॉलरकडं वळ, कारण खरा भडकलेला तिथं आहे. कोल्हापुरी माणसाचा जाळ आणि धूर संगटच निघतोय हे सगळ्या दुनियेला माहीत आहे, पण कॅप्टनचा राग हा मॅचमध्ये एकदाच चालतो, दुसऱ्यांदा पोरं हसतात. तो एकदा कुठं काढायचा? जिथं आळस दिसला तिथं. कॅच सुटणं हा आळस नाही. बॅकअपला न जाणं हा आळस आहे, ओव्हर संपली की मोबाईल बघणं हा आळस आहे.

रहाणेचं अजून एक सांगतो. त्याच मेलबर्नला ११२ वर खेळत होता, जडेजा ४९ वर. जडेजानं पन्नाशीसाठी चोरटी रन काढली आणि रहाणे रन आउट. आपल्यातला कुणी असता तर बॅट आपटत आणि जडेजाची सात पिढ्यांची आठवण काढत गेला असता. हा उलटा जडेजाजवळ गेला, पाठीवर थाप दिली आणि मग पॅव्हेलियनकडं. तिथनं पुढं जडेजा त्या कॅप्टनसाठी किती जीव टाकून खेळला असंल ते तूच बघ.

बॅटिंग ऑर्डर

फिक्स नंबर कुणालाच देऊ नको, ओपनर सोडून. २००१ ला ईडनवर फॉलोऑन मिळाल्यावर लक्ष्मणला सहावरनं तीनवर आणला आणि द्रविडला खाली सहाला. द्रविडसारखा माणूस, त्याला पण खाली यायला सांगितलं आणि तो आला. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तुझा तीन नंबरवाला "मी तीनलाच खेळणार" म्हणून रुसायला लागला तर त्याला एवढंच सांग. डावरा-उजवा जोडी ठेव, बारक्या बाऊंड्रीकडं कोण मारतोय ते बघून पाठव, आणि पुढचे दोघं पॅड बांधून तयार पाहिजेत, टपरीवर चहा पीत नकोत.

अंपायर, अपील आणि लोक काय लक्षात ठेवतात

अंपायरशी फक्त कॅप्टननं बोलायचं. हे पहिल्या दिवशी सांग. अकरा जणांनी घेरा घातला की अंपायरला पण चेव येतोय आणि पुढचे पन्नास-पन्नासवाले निर्णय सगळे समोरच्या टीमकडं जातात. उगंच पॅडला लागला की "हाऊज दॅट" करणारा कीपर असंल तर त्याला आवर, खऱ्या अपीलची किंमत जाते.

समोरचा आउट नव्हता हे तुला चांगलं माहीत असंल तर अपील मागं घेता येतंय, पुढचा बॉल सुरू व्हायच्या आधी, अंपायरला विचारून. १९८० च्या मुंबईच्या गोल्डन ज्युबिली टेस्टला आपला कॅप्टन गुंडाप्पा विश्वनाथनं इंग्लंडच्या बॉब टेलरला असाच परत बोलावला. त्यानंतर टेलर आणि बोथमनं १७१ ची पार्टनरशिप केली आणि आपण मॅच दहा विकेटनं हरलो. मग चुकलं का त्याचं? माझ्या मते नाही, पण हे करताना हरायची तयारी ठेवून कर, नंतर रडायचं नाही.

आणि आता आपल्या गावची गोष्ट. भाऊसाहेब निंबाळकर, कोल्हापुरात जन्मले आणि कोल्हापुरातच २०१२ ला गेले. डिसेंबर १९४८, पुण्यात रणजीची मॅच, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब नाबाद ४४३, महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा वर्ल्ड रेकॉर्ड हाताच्या अंतरावर. इंटरव्हलला काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले डाव सोडा नाहीतर आम्ही जातो, आमच्या टीमविरुद्ध असला रेकॉर्ड नको. महाराष्ट्रानं डाव सोडला नाही, आणि ते खरंच मॅच सोडून निघून गेले. रेकॉर्ड राहिला. ते ४४३ अजून भारतीय बॅट्समनचा फर्स्ट क्लासमधला सगळ्यात मोठा स्कोअर आहे, आणि ह्या माणसाला एकपण टेस्ट मिळाली नाही. काठियावाडच्या कॅप्टननं बेइज्जती टाळायला मॅच सोडली, आणि आज त्या मॅचमधलं त्याचं तेवढंच लोक सांगतात. तुझी टीम मार खात असंल, समोरचं पोरगं शंभरच्या जवळ असंल, तर बॉल हरवायचा नाही, लाईट कमी आहे म्हणायचं नाही, ओव्हर टाकायची. शंभर झाले की टाळ्या वाजवायच्या. पुढच्या टुर्नामेंटला तोच पोरगा कदाचित तुझ्याकडनं खेळायला येईल. (आपल्या गावात क्रिकेट नाही म्हणणाऱ्याला भाऊसाहेबांचं नाव सांग, आणि अनुजा पाटील इथलीच, भारताकडनं टी-ट्वेंटी खेळली, ते पण सांग.)

पैसे आणि मॅचनंतर

बक्षिसाचे पैसे कसे वाटायचे ते जिंकायच्या आधी ठरव. किती मंडळाला, किती बॉल आणि किटला, किती पोरांना, मॅन ऑफ द सिरीजची ट्रॉफी कुणाच्या घरी आणि त्याचे पैसे कुणाचे. फायनल जिंकल्यावर हे ठरवायला बसलास तर टीम फुटते, खेळात न फुटलेल्या कितीतरी टीम ह्यात फुटलेल्या बघितल्यात.

हरलास तर ग्राउंडवर भाषण नको. पोरांना मिसळ खायला ने, दुसरं काहीतरी बोला. रात्री ग्रुपवर "काही लोकांनी सिरीयसली घ्यायला पाहिजे" असले मेसेज टाकायचे नाहीत, काही लोक म्हणजे कोण ते सगळ्यांना कळतंय आणि सकाळपर्यंत दोन गट झालेले असतात. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर, ज्याच्याशी बोलायचं त्याला एकट्याला गाठ. आणि तुझा निर्णय चुकला असंल तर पहिल्यांदा तेच बोल, मग त्याचं.

एक उपकॅप्टन असा निवड जो तुला ग्राउंडवर तोंडावर सांगंल की हे चुकायलंय. होला हो करणारा नको. लहान मॅचेसना, लीगमधली एखादी निवांत मॅच असंल तेव्हा, सगळी कप्तानी त्याच्याकडं दे आणि तू लाँग ऑफला जाऊन उभा राहा, मध्ये तोंड घालायचं नाही. पोरं लग्न करतात, पुण्याला जॉबला जातात, गुडघे जातात, टीमला दुसरा माणूस तयार लागतोच. आणि पुढच्या टुर्नामेंटची एंट्री फी ह्या आठवड्यातच गोळा करायला लाग, पगार झाल्यावर दहा तारखेच्या आत मागितलीस तर मिळंल, त्याच्यानंतर सगळे "देतो की, पळून जायलोय काय" म्हणतात.